धुतलं तेवढं काळं : अल्काप्टोन्युरिया आणि आपले सांधे



गुडघेदुखी, कंबरदुखी, संधिवात या विषयांवर इथे बरंच लिहून झालं आहे. आजचा आजार मात्र वेगळा आहे. माझ्या आजवरच्या प्रॅक्टिसमध्ये तो मला एकाच घरात भेटला. जगात साधारण अडीच लाख ते दहा लाख माणसांमागे एकाला तो होतो. "मग आम्ही कशाला वाचायचं, डॉक्टर?" असं तुम्ही विचाराल. कारणं दोन. एक, हा आजार बाळाच्या लंगोटावर स्वतःची खूण सोडतो आणि ती बघायला कुठलंही मशीन लागत नाही. दुसरं, ती खूण एका आईनं पाहिली होती आणि मी तिला चार वर्षं विचारलंच नाही.

घरातल्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कंबर धरलेले काका

मी हाडांचा डॉक्टर. दवाखाना कोल्हापुरात आणि आठवड्यातून एक दिवस शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरला. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट उतरायच्या आधीचा हा डोंगराळ तालुका. विशाळगड याच तालुक्यात. पाऊस भरपूर, जमीन उताराची, भाताची खाचरं एकाखाली एक. जून-जुलैत रोपलावण म्हणजे दिवसभर वाकून चिखलात उभं राहणं. त्यामुळे माझ्या मलकापूरच्या ओपीडीत कंबर आणि गुडघे यांचीच गर्दी.

काका पहिल्यांदा आले तेव्हा पन्नाशीचे होते. पाठ ताठ, खाली वाकता येत नव्हतं, चपलेचा पट्टा लावायलाही कोणीतरी लागायचं. "तिशीपास्नं दुखतंय डाक्टर. आधी कंबार, मग सगळी पाठच धरली," म्हणाले. मी एक्स-रे काढला. दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते, ती जवळजवळ सगळीकडे बसलेली होती आणि त्या गाद्यांमध्ये कॅल्शियम साठून पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. पाठ ताठ होणारा जो नेहमीचा वात असतो, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, त्याची रक्ततपासणी केली. एचएलए-बी२७ निगेटिव्ह आली. कमरेच्या तळाशी असलेले माकडहाडाजवळचे सांधेही, जे त्या वातात सगळ्यात आधी बिघडतात, बऱ्यापैकी शाबूत होते. युरिक ॲसिड नॉर्मल, आरए फॅक्टर नॉर्मल.

इथे थांबून विचार करायला हवा होता. मी केला नाही. ओझी वाहून, वाकून काम करून झीज झाली, असं सांगितलं, गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले. त्यांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, बुबुळाच्या दोन्ही बाजूंना, करडे-काळे डाग होते. ते मी पाहिले होते. शेतात उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत असे काहीबाही डाग असतातच, असं मनात म्हटलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

पुढे चार वर्षांत दोन्ही गुडघे गेले. उजवा तर इतका, की रात्री झोप लागेना. सांधा बदलायचं ठरलं.

ऑपरेशन टेबलावर

गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत, पांढरंशुभ्र, चकचकीत आवरण असतं. त्याला कूर्चा म्हणतात. ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी ती दिसते. झिजलेल्या गुडघ्यात ती पिवळट होते, फाटते, जागोजागी निघून जाते. असे शेकडो गुडघे मी उघडले आहेत.

काकांचा गुडघा उघडला आणि आत डांबर ओतल्यासारखं काळंभोर होतं. मदतनीस डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भूलतज्ज्ञांकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, कॅन्सरची गाठ आहे का? जुना जंतुसंसर्ग आहे का? पण गाठ कुठेच नव्हती, पू नव्हता. खालचं हाड नेहमीच्या रंगाचं होतं. फक्त कूर्चा काळी पडली होती. आणि ती चिवट राहिली नव्हती, खापरीसारखी ठिसूळ झाली होती. तिचे काळे तुकडे सांध्याच्या आतल्या अस्तरात रुतून बसले होते.

कॉलेजात पॅथॉलॉजीच्या पुस्तकात एक चित्र पाहिलं होतं, ते तेव्हा आठवलं. ऑक्रोनोसिस. परीक्षेत एका मार्काला येणारा प्रश्न. ठरलेलं ऑपरेशन पूर्ण केलं, तुकडे तपासणीला पाठवले. संध्याकाळी वॉर्डात जाऊन काकांची लघवी एका पारदर्शक बाटलीत घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. ताजी होती तेव्हा तुमच्या-माझ्यासारखीच फिकट पिवळी होती. रात्री दहाला कोऱ्या चहासारखी झाली. सकाळी राउंडला गेलो तेव्हा बाटलीच्या पलीकडचं दिसत नव्हतं.

आजींची आठवण

काकांजवळ त्यांची आई बसली होती. वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोक्यावर पदर, कान मात्र तिखट. मी विचारलं, "आजी, हे लहान असताना यांची लघवी कधी काळी दिसली होती का?"

आजी लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लघवी न्हाई. लंगोट."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहितो. "लंगोट काढला की चांगला असायचा. जरा येळानं बगावं तर तपकिरी. म्हटलं डाग पडला. राख लावून घासलं, तर अजूनच काळं. सोडा घातला, साबण लावला, जितकं घासावं तितकं काळं. सासू म्हणायची, तुला धुनं धुवाय येत न्हाई. मग म्या काळ्या लुगड्याचंच लंगोट करून घातलं. कुनाला दिसाय नको."

"कोणा डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई की."

त्या वाक्यानंतर मला पुढे काही बोलता आलं नाही. चौपन्न वर्षं त्या बाईनं ही गोष्ट स्वतःच्या धुण्यातली चूक म्हणून मनात ठेवली होती. त्यांची काहीही चूक नव्हती. उलट राख, सोडा, साबण या सगळ्या गोष्टी क्षारधर्मी असतात आणि या लघवीला क्षार लागला की ती जास्त वेगानं काळी पडते. त्या नकळत दर वेळी अगदी बरोबर तपासणी करत होत्या.

काकांची स्वतःचीही एक आठवण निघाली. तरुणपणी एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत लघवीत साखर आहे म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. त्या काळी लघवी निळ्या द्रावणात घालून तापवायची पद्धत होती. रंग बदलला की साखर. पण काकांच्या लघवीत जो पदार्थ जातो तोही त्या द्रावणाचा रंग बदलतो. त्यांना मधुमेह कधीच नव्हता, आजही नाही. नोकरी मात्र गेली आणि ते शेतीत आले.

नेमकं बिघडतं काय?

हे मी काकांना जसं समजावलं तसंच तुम्हालाही सांगतो, कारण त्यांच्या खाचरांचं उदाहरण यापेक्षा चांगलं मला सुचलेलं नाही.

डाळ, दूध, अंडी, मटण, अगदी भात-भाकरीतूनही आपल्याला प्रथिनं मिळतात. त्या प्रथिनांमध्ये फेनिलॲलॅनिन आणि टायरोसिन नावाचे दोन घटक असतात. शरीराला हवे तेवढे वापरून झाले की उरलेल्यांची मोडतोड टप्प्याटप्प्यानं होते. डोंगरउतारावर वरच्या खाचरातलं पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्या खाचरात उतरतं, तसं. प्रत्येक बांधाचं तोंड उघडं ठेवायचं काम एकेका एन्झाइमचं, म्हणजे विकराचं.

या वाटेवरच्या एका खाचरात होमोजेन्टिसिक ॲसिड नावाचा पदार्थ तयार होतो. पुढचं तोंड उघडणारा विकर एचजीडी या जनुकावरच्या सूचनेनुसार बनतो. काकांच्या शरीरात ती सूचनाच बिघडलेली आहे. तोंड बंद. मग ते ॲसिड साठतं आणि बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. दिवसाला काही ग्रॅम, म्हणजे चमचाभर. कापलेलं वांगं हवेत ठेवलं की काळं पडतं ना? तसंच काहीसं इथे घडतं. हवा लागली की हे ॲसिड काळं होतं. म्हणून ताजी लघवी ठीक दिसते आणि तासाभरानं, चार तासांनी, कधी रात्रभरानं काळवंडते. या आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया.

सगळंच बाहेर गेलं असतं तर प्रश्न फक्त धुण्याचा राहिला असता. पण थोडं थोडं आतच झिरपत राहतं. कूर्चेत, मणक्यांमधल्या गाद्यांत, कानाच्या कडेच्या कुरकुरीत भागात, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, स्नायूंच्या दोऱ्यांत, हृदयाच्या झडपांत. तिथे त्याचा काळा रंग मुरतो. या मुरण्याला ऑक्रोनोसिस म्हणतात. रंग मुरलेली कूर्चा ठिसूळ होते आणि तुटायला लागते.

हे व्हायला वर्षं लागतात. लहानपणी काळे लंगोट सोडले तर मूल अगदी धडधाकट असतं. तिशीच्या आसपास कंबर दुखायला लागते. साधारण त्याच वयात डोळ्यांत डाग आणि कानाच्या कडेला निळसर-करडी छटा दिसू लागते. मग पाठ ताठ होते, उंची थोडी कमी होते. पुढे गुडघे, खुबे, खांदे. हातांच्या बोटांचे छोटे सांधे बहुतेक वेळा वाचतात. काहींची टाचेमागची जाड दोरी साध्या उडीनंही तुटते. मुतखडे होतात. साठीकडे झुकताना हृदयाची महाधमनीची झडप कडक होऊ शकते. अमेरिकेत २००२ साली ५८ रुग्णांची एक सविस्तर पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असं दिसलं की वयाच्या ५५व्या वर्षापर्यंत निम्म्या रुग्णांचा एक तरी सांधा बदलावा लागतो. काका ५४चे होते.

लंडनमधले लंगोट

हा आजार वैद्यकाच्या इतिहासात मोठ्या मानाचा आहे. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांच्याकडे असाच काळ्या लघवीचा एक मुलगा होता. १९०१ साली त्याच्या आईला पुढचं मूल झालं तेव्हा गॅरड यांनी बाळाच्या लंगोटांवर मुद्दाम लक्ष ठेवायला सांगितलं. दोन-तीन दिवसांतच लंगोटावर डाग पडले. म्हणजे हा जंतूंचा आजार नाही, हे मूल जन्मतःच तो घेऊन आलं आहे. गॅरड यांनी आणखी एक गोष्ट टिपली. अशा मुलांचे आई-वडील बरेचदा एकमेकांच्या नात्यातले, सख्ख्या भावंडांची मुलं असायचे. १९०२ साली त्यांनी हे लॅन्सेट या साप्ताहिकात मांडलं. आई आणि वडील दोघांकडून तीच बिघडलेली सूचना आली तरच होणारा आजार, या नियमाचं माणसातलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. एचजीडी जनुकातला नेमका बिघाड सापडायला मात्र १९९६ साल उजाडलं.

आपल्या देशातही हे दिसलं आहे. तमिळनाडूत नरिकुरवर नावाचा एक भटका समाज आहे. लग्नं आपापसातच होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी त्यांच्यातल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा जनुकातला एकच ठरावीक बिघाड पुन्हा पुन्हा सापडला. पूर्वी कुणा एका पूर्वजाकडून आलेला, घरातल्या घरात फिरत राहिलेला.

मी आजींना विचारलं, "तुमचं आणि आजोबांचं आधी काही नातं होतं?"

"मामाची पोरगी की मी त्येंच्या," आजी म्हणाल्या.

भाच्याचं लग्न

आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत जुनी आहे. जमीन घरात राहते, मुलगी ओळखीच्या घरात पडते, सासू म्हणजे आत्याच. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. लंडनची ती माणसं वेगळ्या धर्माची, वेगळ्या देशाची, त्यांच्या चालीही वेगळ्या. आपल्याकडे मावसभावंडांत लग्न चालत नाही, आते-मामेभावंडांत चालतं. जनुकांना हा फरक कळत नाही.

हे मी समजावत असताना काकांनी विचारलं, "मग डाक्टर, माझ्या पोरीचं?"

त्यांची मुलगी बावीस वर्षांची. तिचं लग्न काकांच्या बहिणीच्या मुलाशी, म्हणजे तिच्या आतेभावाशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती. दिवाळीनंतर तारीख धरायची होती.

मी दोन्ही घरच्यांना एकत्र बोलावलं. ज्वारीचे दाणे घेऊन बसलो. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. काकांच्या दोन्ही प्रती खराब. म्हणून त्यांच्या प्रत्येक मुलाला एक खराब प्रत मिळणारच. पण दुसरी, आईकडची, चांगली असल्यामुळे मुलगी आजारी नाही, होणारही नाही. ती फक्त वाहक.

काकांच्या बहिणीला आजार नाही. पण आई-वडील दोघंही वाहक होते, त्यामुळे ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. ती वाहक असेल तर तिच्या मुलाकडे ती प्रत जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे भाचा वाहक असण्याची शक्यता तीनात एक. आणि दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. हे सगळं गुणलं की या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला बारात एक एवढा धोका. याच मुलीनं नात्याबाहेर लग्न केलं तर तो हजारात एक किंवा त्याहूनही कमी.

"आणि भाच्याची रक्ततपासणी केली तर 'शक्यता' राहणार नाही. तो वाहक आहे किंवा नाही, एवढंच उत्तर येईल," मी सांगितलं.

आत्या उठून उभ्या राहिल्या. "आजारी माझा भाऊ, आन तपासनी माझ्या पोराची? त्येच्यात काय खोट हाय?"

मला जेवढं जमलं तेवढं सांगितलं. वाहक असणं म्हणजे खोट नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या अंगात कुठल्या ना कुठल्या आजाराच्या अशा खराब प्रती असतात. आपल्याला त्या माहीत नसतात एवढंच. पण आत्या त्या दिवशी चहा न घेता गेल्या. मुलानं मात्र दोन आठवड्यांनी एकट्यानं येऊन रक्त दिलं. काकांच्या रक्तात जनुकाचा जो बिघाड सापडला होता, तोच त्याच्या एका प्रतीत निघाला. तो वाहक होता.

मग काय करायचं, हे मी सांगितलं नाही. ते डॉक्टरचं काम नव्हे. मी पर्याय सांगितले. हा जीव घेणारा आजार नाही, वाहक जोडपीही लग्न करतात, गरोदरपणात तपासणी करता येते, पुढे औषधांची आशा आहे. मुलगा आणि मुलगी दोघं माझ्यासमोर तासभर बसली होती. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबांची पाठ मी रोज बघते." लग्न मोडलं. दोन घरांत वर्षभर बोलणं नव्हतं आणि त्याला मी कारण होतो, ही गोष्ट मला आजही सोपी वाटत नाही.

उपाय काय?

झिजलेला सांधा बदलता येतो आणि या आजारात ते ऑपरेशन नेहमीच्या झिजेइतकंच चांगलं ठरतं. धातू आणि प्लास्टिकच्या सांध्यात तो काळा रंग मुरत नाही. काकांचा उजवा गुडघा आता छान चालतो, डाव्याचंही झालं. पाठ मात्र तशीच ताठ आहे. तिला फिजिओथेरपी, पोहणं, डोक्यावरचं ओझं बंद करणं, एवढंच. चाळिशीनंतर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, अधूनमधून करून घ्यावी लागते.

"तांबडा-पांढरा बंद करू का?" काकांनी काळजीनं विचारलं. प्रथिनं फार जास्त खाऊ नयेत हे खरं, पण फक्त पथ्यानं हा आजार थांबल्याचा पक्का पुरावा नाही. डाळ-दूध-अंडी तोडून अशक्तपणा ओढवून घेऊ नका. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या पूर्वी देत असत, त्यांचाही ठोस उपयोग दिसलेला नाही.

एक औषध मात्र आहे, निटिसिनोन. त्याची गोष्ट शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. बागेत लाल, बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलं येणारं बॉटलब्रशचं झाड तुम्ही पाहिलं असेल. त्याच्याखाली तण फारसं उगवत नाही, हे कॅलिफोर्नियात एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. त्यावरून तणनाशकं शोधताना निटिसिनोन मिळालं. ते या वाटेवरचं वरच्या बाजूचं एक तोंड बंद करतं. खालच्या खाचरात पाणीच उतरत नाही, तर साठेल कसं? टायरोसिनेमिया नावाच्या लहान मुलांच्या दुसऱ्या एका आजारात ते १९९०च्या दशकापासून वापरलं जातं. अल्काप्टोन्युरियासाठी युरोपात १३८ रुग्णांवर चार वर्षं चाचणी झाली. लिव्हरपूल, पॅरिस आणि स्लोव्हाकियातलं पिएश्त्यानी ही त्याची केंद्रं होती. स्लोव्हाकियात हा आजार इतर देशांपेक्षा बराच जास्त आढळतो. औषध घेणाऱ्यांच्या लघवीतलं होमोजेन्टिसिक ॲसिड ९९ टक्क्यांहून जास्त घटलं आणि आजाराची चाल मंदावली. २०२० साली युरोपात मोठ्या माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली.

पण वरचं तोंड बंद केलं की वरच्या खाचरात पाणी तुंबतंच. टायरोसिन वाढतं, आणि त्यानं डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून रक्त आणि डोळे तपासत, आहार सांभाळत, अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यायचं असतं. मेडिकलच्या दुकानात चिठ्ठी दाखवून घ्यायची ही गोळी नाही. आणि एकदा तुटलेली कूर्चा ते परत आणत नाही. म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं.

काकांच्या धाकट्या भावाचं हेच झालं. तो मुंबईत नोकरीला. वय ४३. कंबर दोन-तीन वर्षं दुखत होती, लोकलच्या धक्क्यांमुळे असेल म्हणून सोडून दिलेलं. भावंडांमध्ये हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. फोनवर त्याला बाटलीची तपासणी सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यानं मला फोटो पाठवला. बाटली काळी होती. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय हे एक उत्कृष्टता केंद्र आहे. तिथे तो जातो. त्याचे गुडघे अजून पांढरे असतील, अशी मला आशा आहे.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

काळी लघवी दिसली की लगेच हाच आजार, असं समजू नका. पाणी कमी प्यायलं, कावीळ झाली, लघवीतून रक्त गेलं, काही गोळ्या चालू असतील तरी रंग बदलतो. पण त्यात लघवी ताजी असतानाच गडद असते. अल्काप्टोन्युरियात ती आधी नेहमीसारखी असते आणि ठेवल्यावर काळी पडते. शंका आली तर पारदर्शक, स्वच्छ बाटलीत लघवी घेऊन एक दिवस उघड्यावर ठेवा. रंग बदलला तर डॉक्टरांकडे जा. लघवीतल्या सेंद्रिय आम्लांची तपासणी करून निदान पक्कं करता येतं. दवाखान्यातल्या नेहमीच्या लघवी तपासणीत हा आजार सुटून जातो, कारण नमुना ताजा असतो.

तिशीत कंबरदुखी, एक्स-रेमध्ये गाद्यांत कॅल्शियम, डोळ्यांत काळे डाग, कानांच्या कडा निळसर, बनियनच्या काखेत काळपट डाग, यातलं काही एकत्र दिसलं तर डॉक्टरांना ते सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

आणि लहान बाळ असलेल्या आया-आज्यांसाठी एक. हल्ली डायपर आला, तासाभरात गुंडाळून कचऱ्यात गेला. काळा पडायला वेळच मिळत नाही. आजींनी जे पाहिलं ते आजची आई कदाचित पाहणारही नाही. नात्यातलं लग्न असेल किंवा घरात कोणाला असा त्रास असेल, तर एखाद-दोन दिवस साधा सुती लंगोट घाला आणि तो धुण्याआधी काही तास ठेवून बघा.

मागच्या पावसाळ्यात मलकापूरच्या ओपीडीत आत्या आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्यांच्या मुलीला मूल झालं होतं. पिशवीतून त्यांनी एक घडी केलेला सुती लंगोट काढला आणि माझ्या टेबलावर पसरला.

"दोन दिस तसाच ठेवला हुता. मग सोडा घालून बगितला," त्या म्हणाल्या. "पांढरा हाय न्हवं?"

मी खिडकीपाशी नेऊन उजेडात नीट बघितला. पांढराच होता.